मूमीनवाली तूवे आधी पेंटर होती का?

प्रश्न: मी मुलांना मूमीन या लांब नाकाच्या प्राण्याच्या गोष्टी वाचून दाखवते. त्या लिहिणारी आणि त्यातली चित्रं काढणारी तूवे यान्सन स्वतःला आधी पेंटर समजायची असं वाचलं. मग तिची पेंटिंग्ज फारशी कुणाला माहीत का नाहीत? आणि पुस्तकातली चित्रं म्हणजे पेंटिंगपेक्षा खालची कला, असं असतं का?

उत्तर: हो, आधी पेंटरच. 1914 ला हेलसिंकीत जन्म, घरी स्वीडिश बोलायचे, वडील शिल्पकार आणि आई इलस्ट्रेटर, फिनलंडच्या कितीतरी पोस्टाच्या तिकिटांची डिझाइन्स आईची आहेत. म्हणजे वडिलांची कला मोठी आणि आईच्या कलेवर घर चालायचं, हे ती लहानपणापासून बघत होती, आणि मला वाटतं तुमच्या प्रश्नाचं मूळ तिथेच आहे. मग स्टॉकहोम, हेलसिंकी, पॅरिस असं रीतसर शिक्षण झालं. 1942 चं तिचं 'फॅमिली' नावाचं पेंटिंग नेटवर शोधून नक्की बघा. युद्धाचे दिवस, एक भाऊ लष्करी गणवेशात, दोघं भाऊ बुद्धिबळ खेळतायत, आईवडील आपापल्या तंद्रीत आणि मधोमध ही काळ्या कपड्यांत उभी, एकाच खोलीत सगळे आहेत पण कुणीच कुणाकडे बघत नाहीये. मूमीनचं घर कसं, येईल त्याला जागा, जेवायला बसा म्हणणारं, आणि तेच घर काढणाऱ्या बाईने स्वतःचं घर असं रंगवलंय हे बघितलं की त्या गोष्टी वेगळ्याच वाटायला लागतात.

त्याच काळात ती गार्म नावाच्या राजकीय व्यंगचित्रांच्या मासिकात काढत होती, तिथे तिने हिटलरला केकसाठी भोकाड पसरलेलं लाडावलेलं पोर करून टाकलं होतं, तेही 1938 मध्ये, म्हणजे धाडस बघा. मूमीनसारखा लांब नाकाचा प्राणी सहीबरोबर कोपऱ्यात यायला लागला तोही तिथेच. पहिली मूमीन गोष्ट तिने युद्धात लिहायला घेतली आणि पुस्तक आलं 1945 ला.

पेंटिंग्ज मागे का पडली तर मुख्य कारण वेळ. 1954 पासून लंडनच्या इव्हनिंग न्यूज या वर्तमानपत्रात मूमीनची कॉमिक स्ट्रिप सुरू झाली, ती पुढे कितीतरी देशांत छापली गेली, पैशाची चिंता मिटली पण रोजच्या रोज स्ट्रिप द्यायची म्हटल्यावर कॅनव्हाससमोर उभं राहणार कधी? शेवटी स्ट्रिप तिने धाकट्या भावाकडे, लार्सकडे सोपवली आणि साठच्या दशकात पुन्हा जोरात पेंटिंग केलं, तेव्हाची कामं हळूहळू अमूर्ताकडे जातात. पण तोवर लोकांच्या डोक्यात ती मूमीनवालीच झाली होती, आणि याचा तिला त्रास व्हायचा.

खालची कला वगैरे मला अजिबात पटत नाही. माझं मत विचाराल तर तिची काही पुस्तकातली चित्रं तिच्या बऱ्याच कॅनव्हासपेक्षा सरस आहेत. पेंटिंगमधून आलेली उजेडाची जाण आणि गार्ममध्ये डेडलाइनवर घोटलेली रेघ, दोन्ही त्या चित्रांत एकत्र येतात. यातलं एक काढून टाकलं तर मूमीन उरतच नाही.

प्रश्न: चित्रं काळीपांढरी, त्यात अंधार, वादळं, तरी मुलं घाबरत नाहीत, उलट तीच पानं परत परत उघडतात. असं का?

उत्तर: पुढच्या वेळी मूमीन नेमका कशाने काढलाय ते बघा. त्याच्या अंगावर जवळजवळ काहीच काढलेलं नाही, नुसती बाह्यरेषा आणि आत कोरा कागद. भोवती जंगल, समुद्र, आभाळ असं सगळं बारीक आडव्यातिडव्या रेघांनी गच्च भरलेलं, त्यामुळे पानावर सगळ्यात उजळ तोच दिसतो, आणि अंधार जितका जास्त तितका तो आणखी ठळक! मुलाची नजर आपोआप त्याच्यावर जाऊन थांबते, मग भीती वाटली तरी सोबत कुणीतरी आहे असं वाटत राहतं. 1957 च्या हिवाळ्याच्या पुस्तकात तर तिने काळा लेप दिलेला बोर्ड खरवडून चित्रं केली, म्हणजे सुरुवातच अंधारापासून आणि उजेड खरवडून बाहेर काढायचा. ध्रुवाजवळच्या लांब रात्रीसाठी याहून योग्य पद्धत मला तरी सुचत नाही.

प्रश्न: तिची मूळ चित्रं कुठे बघायला मिळतील?

उत्तर: मूमीनची मूळ रेखाटनं फिनलंडमध्ये, तांपेरेच्या मूमीन म्युझियममध्ये. भित्तिचित्रं बघायची तर हेलसिंकी आर्ट म्युझियमला जा, 1947 मध्ये सिटी हॉलच्या रेस्टॉरंटसाठी केलेली दोन मोठी फ्रेस्को आता तिथे आहेत. त्यातल्या शहरातल्या पार्टीच्या चित्रात ती स्वतः टेबलाशी बसलीये आणि तिच्या ग्लासजवळ एक चिमुकला मूमीन आहे, तो शोधायचं काम मुलांना द्या.