महिनाभर चालूनही एकच किलो कमी झालं, सोडून देऊ का?

तुम्ही लिहिलंय की महिना होत आला, रोज सकाळी पाऊण तास चालता, रात्रीचा भात बंद करून भाकरी सुरू केलीत, तरी वजन 78 वरून 77 वरच आलंय. घरचे म्हणतात, एवढं करून काय मिळालं? मीही सोलापूरचीच आहे आणि वजन उतरवताना हेच बोलणं ऐकलेलं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सोडू नका. तुमचा एक किलो अगदी हिशोबाला धरून आहे. अंगावरची एक किलो चरबी म्हणजे साधारण 7,700 कॅलरी. तुमच्या वजनाच्या बाईचे पाऊण तास चालण्यात दीडशे ते दोनशे कॅलरी खर्च होतात. म्हणजे खाणं तसंच ठेवून नुसतं चालून एक किलो उतरायला सव्वा ते पावणेदोन महिने लागतात. तुमचं त्याच्या थोडं आधीच झालं. कमी पडलीय ती तुमची मेहनत नाही. महिन्यात पाच-सहा किलो उतरतात ही अपेक्षाच चुकीची होती, आणि ती आपल्या डोक्यात जाहिरातींनी घातलेली आहे.

आता भाताचं. एक वाटी शिजलेला भात आणि एक मध्यम ज्वारीची भाकरी यांच्या कॅलरीत फार फरक नाही. भाकरी चावून खावी लागते, पोट जास्त वेळ भरलेलं राहतं, हा तिचा फायदा खरा. पण भाताच्या जागी दोन भाकऱ्या आल्या तर वजनाच्या दृष्टीने काहीच हाती लागत नाही. कडक भाकरी असेल तर आणखी सांभाळा, मोडून मोडून किती पोटात गेली ते कळतही नाही.

आणि आपल्याकडे भाकरीसोबत येते शेंगाचटणी. ती मी एकदा वजनकाट्यावर मोजली. ताट काट्यावर ठेवून त्यात नेहमीसारखी वाढून घेतली, आणि मग मध्ये खळगा करून त्यात तेल ओतलं. चटणी 30 ग्रॅम भरली, तेल एक मोठा चमचा. 30 ग्रॅम शेंगदाण्यांचे 170 कॅलरी, 15 मिली तेलाचे 120. सकाळचं सगळं चालणं त्या एका कोपऱ्यात, वर थोडं उरलंच. म्हणून चटणी बंद करा असं मी अजिबात म्हणणार नाही. शेंगदाणा चांगलं अन्न आहे, आणि शेंगाचटणीशिवाय जेवायचं ठरवलेलं सोलापुरात कुणाचं टिकलेलं मी पाहिलं नाही. चटणी दोन लहान चमचे घ्या आणि तेलाऐवजी दह्यात कालवा. घरातल्या तेलाचाही हिशोब ठेवा. महिन्याला किती किलो तेल आणता, खाणारी माणसं किती, एवढा भागाकार केलात तरी बरंच कळेल.

काट्याबद्दल थोडं. सुरुवातीच्या काही आठवड्यांत त्याच्यावर फार भरवसा ठेवू नये. नव्याने व्यायाम सुरू केला की स्नायू दुखतात आणि पाणी धरून ठेवतात. खारट खाल्लं, जागरण झालं, पाळी जवळ आली की किलो-दीड किलो असंच वर जातं. ते पाणी असतं. उलट पहिल्याच आठवड्यात ज्यांचे तीन किलो उतरतात, त्यांचंही बरंचसं पाणीच गेलेलं असतं. आठवड्यातून एकदाच, एकाच वारी, सकाळी पोट साफ झाल्यावर वजन करा. सोबत कंबर टेपने मोजून लिहून ठेवा. आपल्याकडच्या बायकांसाठी 80 सेंटीमीटर ही मर्यादा धरतात. माझं वजन अडून बसलं होतं त्या काळात कंबर मात्र कमी होत होती, आणि खाली बसून भाकरी थापल्यावर उठताना ओट्याला हात लावायची गरज संपली होती. घरच्यांना हे दिसत नाही. त्यांना काट्यावरचा आकडा तेवढा दिसतो.

मग अपेक्षा किती ठेवावी? चालणं आणि ताट दोन्ही सांभाळलं तर आठवड्याला अर्धा किलो म्हणजे उत्तम. काही आठवडे शून्यही जातील. तुमच्यासाठी पहिला टप्पा चार किलोचा ठेवा. ते तुमच्या वजनाच्या पाच टक्के होतात, आणि तेवढ्यानेही साखर आणि रक्तदाबात फरक पडायला लागतो. त्यासाठी तीन-चार महिने द्या. पुढे वेग मंदावेल, कारण हलक्या शरीराला कमी खाणं पुरतं. तेव्हा घाबरून उपास सुरू करू नका. त्याने चरबीबरोबर स्नायूही जातात.

आपल्या गावाचं वर्षही लक्षात घ्या. जानेवारीत गड्ड्याची यात्रा, मग हुरडा, मग लग्नसराई, आणि मे महिन्यात पारा 42 च्या पुढे. उन्हाळ्यात सिद्धेश्वर तलावाकडे जायचं तर उजाडायच्या सुमारासच जा. नाहीच जमलं तर घरातल्या घरात चाला. चार-आठ दिवस खंड पडला तर तो खंडच असतो, नियम मोडला असं समजून सगळंच टाकून देणाऱ्या बायका मी फार पाहिल्या आहेत आणि मला त्याचं खरंच वाईट वाटतं.

पाऊण तासाचा दीड तास करू का, असंही तुम्ही विचारलंय. माझं मत, नको. आठवड्याला 150 मिनिटं बऱ्यापैकी जोरात चालणं एवढी किमान शिफारस असते, ती तुमची आधीच होते. त्यापेक्षा आठवड्यातून दोन-तीन दिवस ताकदीचा व्यायाम जोडा. खुर्चीवरून हात न टेकता उठबस, भिंतीला हात लावून दंड, पाण्याने भरलेल्या बाटल्या उचलणं. आणि दोन्ही जेवणांत मटकी, डाळ, अंडं, ताक यातलं काहीतरी असू द्या, स्नायूंना ते लागतं. साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर खाणं कमी करायच्या आधी डॉक्टरांना सांगा, नाहीतर साखर एकदम खाली येऊ शकते. आणि थकवा फार जाणवत असेल तर एकदा थायरॉइड तपासून घ्या.