उन्हाळ्यात क्लॅरिफायरमध्ये गाळ वर येतोय? आधी फिटकरीचं पोतं बाजूला ठेवा

तुमचा प्रश्न असा : नागपूरजवळच्या नगरपरिषदेचा 5 एमएलडीचा (दिवसाला 50 लाख लिटर) सांडपाणी प्रकल्प, एप्रिलपासून रोज सकाळी क्लॅरिफायरवर (गाळ खाली बसवणाऱ्या टाकीवर) तपकिरी गाळाची ढेकळं तरंगतात, फिटकरी किती टाकावी?

फिटकरी टाकूच नका. गाळ हलका झाला म्हणून वर येत असेलच असं नाही, त्याला वायू उचलतो. फिटकरीने गाळ वाढेल, पाण्याची अल्कलिनिटी (आम्ल पचवण्याची ताकद) घटेल आणि ढेकळं तिथेच राहतील.

खात्री करून घ्या. एरेशन टाकीतलं (जिथे हवा सोडून जिवाणू वाढवतात) पाणी 1 लिटरच्या सिलिंडरमध्ये भरा. 30 मिनिटांनी गाळाची रेघ वाचा आणि सिलिंडर तसाच आणखी दीड-दोन तास ठेवा. अर्ध्या तासात गाळ छान खाली बसला, वर पाणी स्वच्छ, आणि मग बुडबुड्यांसकट गाळ वर आला, तर हे डिनायट्रिफिकेशन, म्हणजे जिवाणू नायट्रेटपासून नायट्रोजन वायू करतात. गाळ मुळात बसतच नसेल तर दुखणं वेगळं. तेव्हा क्लॅरिफायरमधून बाहेर पडणारं स्वच्छ पाणी निम्मं मिसळून चाचणी पुन्हा घ्या. पातळ केल्यावर नीट बसला तर टाकीत गाळच जास्त झालाय, तरीही नाही बसला तर तंतूमय जिवाणू वाढलेत.

उन्हाळ्यातच का? आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या आसपास जातो, सांडपाणीही तापतं. अमोनियाचं नायट्रेट करणारे जिवाणू 10 अंश वाढीला साधारण दुप्पट वेगाने काम करतात. हे नायट्रेट क्लॅरिफायरच्या तळाला पोचतं, तिथे ऑक्सिजन संपतो, जिवाणू नायट्रेट वापरतात आणि नायट्रोजनचे बुडबुडे गाळाला चिकटतात. म्हणजे गाळाला तळाशी वाट पाहायला लावणं, हाच मूळ दोष.

म्हणून पहिली चौकशी रात्रपाळीची करा. सांडपाण्याची आवक कमी झाली की रिटर्न स्लज पंप (क्लॅरिफायरच्या तळाचा गाळ एरेशन टाकीत परत नेणारा) बंद ठेवण्याची सवय फार ठिकाणी आहे, आणि सकाळची ढेकळं बहुधा त्याचीच असतात. पंप चोवीस तास चालवा. 5 एमएलडी म्हणजे सरासरी ताशी 208 घनमीटर. रिटर्न 50 टक्के (104) असेल तर टप्प्याटप्प्याने 80 टक्क्यांपर्यंत (सुमारे 167) न्या. तळाचा गाळाचा थर अर्ध्या मीटरच्या आत ठेवा. दोन क्लॅरिफायर असतील आणि आवक निम्मी असेल, तर एक रिकामा करून बंद ठेवा. स्क्रेपरचं (तळाचा गाळ ओढणाऱ्या पात्याचं) रबर झिजलं असेल तर गाळ कोपऱ्यात साचून सडतो, तेही पाहा.

दुसरं, जुना गाळ काढा. एरेशन टाकी 1250 घनमीटर आणि एमएलएसएस (टाकीतल्या पाण्यातल्या गाळाचं प्रमाण) 3000 मि.ग्रॅ./लि. धरलं तर आत 3750 किलो गाळ. गाळाचं वय (तो टाकीत सरासरी किती दिवस राहतो) 10 दिवस ठेवायचं तर रोज 375 किलो काढायचा. रिटर्न स्लज 8000 मि.ग्रॅ./लि. असेल तर रोज सुमारे 47 घनमीटर. काढण्याचं प्रमाण एका दिवसात 10-15 टक्क्यांहून जास्त बदलू नका, नाहीतर जिवाणूंची घडी विस्कटते.

एवढ्यानेही न थांबल्यास एरेशन टाकीच्या सुरुवातीच्या चतुर्थांशात हवा कमी करा आणि रिटर्न स्लज तिथेच सोडा. नायट्रेट तिथेच संपतं आणि अल्कलिनिटीही काही परत मिळते. डिफ्यूझर (तळाशी हवा सोडणाऱ्या छिद्रांच्या चकत्या किंवा नळ्या) पूर्ण बंद मात्र ठेवू नका, छिद्रं बुजतात. दिवसातून दोन-तीनदा काही मिनिटं हवा पूर्ण सोडा. बाकीच्या टाकीत विरघळलेला ऑक्सिजन 1.5 ते 2 मि.ग्रॅ./लि. पुरतो.