एकाच बरणीत दोन वजनं

प्रश्न : एकाच फळीचे दोन पातळ तुकडे घेतले. एक पाण्यात भिजवलेला, दुसरा ओव्हनमधून नुकताच काढलेला. दोन्ही मिठाच्या संपृक्त द्रावणावर बंद बरणीत टांगले. वजन स्थिरावलं तेव्हा पहिला ४६.२ ग्रॅम भरला, दुसरा ४५.२. शेवटी दोन्ही वाळवले, तर प्रत्येकी ४० ग्रॅम! काटा बिघडलाय का?

उत्तर : काट्याच्या मागे लागू नका. मिठावरच्या हवेची सापेक्ष आर्द्रता २५ अंशांना ७५ टक्क्यांच्या आसपास असते, आणि तापमान थोडं वरखाली झालं तरी ती फारशी हलत नाही. फक्त तळाशी न विरघळलेलं मीठ दिसत राहायला हवं. तुमच्या बरणीत ते असेलच असं धरतो.

ओलाव्याची टक्केवारी कोरड्या वजनावर काढतात. पहिल्यात १५.५ टक्के, दुसऱ्यात १३. म्हणजे ओल्या बाजूने वाळत आलेल्या तुकड्याने जास्त पाणी धरून ठेवलंय. लाकडात अडीच टक्क्यांचा हा फरक अगदी नेहमीचा. त्याला हिस्टेरिसिस म्हणतात. पाण्याचे रेणू लाकडाच्या पेशीभिंतींतल्या सेल्युलोज आणि हेमिसेल्युलोजला चिकटतात, भिंती फुगतात, चिकटायला आणखी जागा मोकळ्या होतात. वाळताना त्या भिंती लगेच पूर्ववत मिटत नाहीत, म्हणून पाणी मागे रेंगाळतं. ताज्या तोडीचं लाकूड पहिल्यांदा वाळताना तर याहूनही जास्त ओलावा धरतं.

एक शंका मात्र मला आहे. 'स्थिरावलं' म्हणजे किती? एका दिवसात काटा हलला नाही एवढ्यावर समाधान मानू नका. जाड तुकड्याला आठवडेच्या आठवडे लागतात, आणि अर्धवट थांबलात तर दोन वजनांतला फरक खऱ्यापेक्षा मोठा दिसतो. सलग काही दिवस वजन करा, बदल ०.१ टक्क्याच्या आत राहिला तर ठीक. कोरडं वजनही १०३ अंशांना तसंच, पुन्हापुन्हा तोलून पक्कं करायचं.

कापड आणि कागद तपासणाऱ्या प्रयोगशाळा हा घोळ आधीच टाळतात. नमुना आधी कमी आर्द्रतेत ठेवतात, मग ठरलेल्या हवेत आणतात, म्हणजे सगळे कोरड्या बाजूने येतात. पॉलिएस्टरला याची फिकीर नाही, ते पाणीच जेमतेम घेतं; कापूस आणि लोकरीला आहे.

तुम्ही दोन्ही बाजू मोजल्यात हे उत्तम झालं. आता मॅग्नेशियम क्लोराइडची बरणी लावा, तिथे ३३ टक्के आर्द्रता मिळते. वहीत प्रत्येक वजनाशेजारी 'ओलं होताना' की 'वाळताना' ते लिहा.