सॅम वॉल्टनच्या आयुष्यातून गोव्यातल्या छोट्या दुकानदाराने काय घ्यावं?

तुम्ही लिहिलंय की गोव्यातल्या साखळी शहरात वडिलांचं किराणा दुकान आहे, पणजीची नोकरी सोडून ते सांभाळायचं मनात आहे, आणि जो तो तुम्हाला अमेरिकेत वॉलमार्टची दुकानं उभी करणाऱ्या सॅम वॉल्टनचं उदाहरण देतोय. त्याच्याकडून आपल्यासारख्याने नेमकं काय शिकायचं, हा तुमचा प्रश्न. मी डिचोलीत हाच धंदा करतो, तेव्हा गल्ल्यावर बसणाऱ्याच्या नजरेतून सांगतो.

तो शून्यातून वर आला हे अर्धंच खरं. १९४५ साली आर्कान्सामधल्या न्यूपोर्ट गावात त्याने बेन फ्रँकलिन कंपनीच्या नावाखाली चालणारं एक दुकान विकत घेतलं, तेव्हा तो २७ वर्षांचा होता. पदरचे ५,००० डॉलर, आणि सासऱ्याकडून कर्जाऊ घेतलेले २०,०००. त्याच्या मागे सासरा होता, तुमच्या मागे वडिलांचं दुकान आहे. त्यात कमीपणा वाटायचं कारण नाही, पण भाषणं देणाऱ्यांच्या नादी लागून आपण हातात काहीच नसताना सुरुवात करतोय असंही समजू नका.

बहुतेक लोक त्याच्याकडून 'स्वस्त विका' एवढंच उचलतात आणि तिथेच फसतात. त्याचा हिशेब नीट बघा. न्यूपोर्टच्या दुकानात बायकांच्या चड्ड्या अडीच डॉलर डझनाने यायच्या आणि डॉलरला तीन अशा विकल्या जायच्या. म्हणजे डझनाचे चार डॉलर आले, दीड डॉलर सुटला. मग न्यूयॉर्कचा एक एजंट त्याला भेटला, जो तोच माल दोन डॉलर डझनाने देत होता. वॉल्टनने वाचलेला अर्धा डॉलर खिशात घातला नाही. डॉलरला चार लावल्या. आता डझनाचे तीन डॉलर येणार आणि एकच डॉलर सुटणार. डझनामागे नफा कमी झाला, पण विक्री दीडपटीच्या वर गेली की पुढचं सगळं जास्तीचं, आणि ती गेली. यात पहिली पायरी स्वस्त खरेदीची आहे, स्वस्त विक्री तिच्यानंतर येते. ती पायरी न चढता भाव पाडणारे आमच्याच बाजारात मी बघितलेत. शटर खाली आलं त्यांचं.

बेन फ्रँकलिनशी झालेल्या करारानुसार बहुतेक माल त्यांच्याकडूनच घ्यायचा होता. तरीही हा गडी गाडीमागे घरी बनवलेला ट्रेलर जोडून नदीपलीकडे टेनेसीत जायचा आणि तिथून कमी भावाचा माल भरून आणायचा.

आता हे आपल्याकडे कुठे लागू पडतं? बिस्किटं, साबण, टूथपेस्ट यांत फारसं नाही. एमआरपी छापलेली, मार्जिन ठरलेलं, माल डिस्ट्रिब्यूटरच्या गाडीतून येणार. खरेदी आपल्या हातात असते ती सुट्या मालात: उकडे तांदूळ, कडधान्य, नारळ, गूळ, सोलां म्हणजे आमसुलं, सुकी मिरची. एप्रिल-मे महिन्यात लोक पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरतात, तेव्हा हरमल किंवा खोला या गावांच्या मिरचीला गिऱ्हाईक चार पैसे जास्त द्यायला तयार असतं, फक्त माल खरा हवा. ती मिरची तुम्ही थेट पिकवणाऱ्याच्या अंगणातून उचललीत तर शेजारच्या सुपरमार्केटला तुमच्याशी स्पर्धा करणं जड जाईल. तुमचा टेनेसी हाच.

याच्याच उलट एक सापळा आहे, तो जरा तपशिलात सांगतो. महिनाअखेरीला कंपनीचा सेल्समन येतो. त्याचं टार्गेट अडकलेलं असतं. "बाराला एक फ्री, बाब, आजच्या दिवस." हिशेब आकर्षक वाटतो, तेरातला एक फुकट म्हणजे साडेसात टक्क्यांच्या वर. पण तो माल महिन्याला तीनच बॉक्स जात असेल तर तेरा बॉक्स संपायला चार महिने. मे अखेरीला घेतलात तर ते चार महिने म्हणजे आपला अख्खा पावसाळा. बिस्किटं नरम, पापड वातड, मिठाला पाणी, काडेपेट्या पेटत नाहीत, डाळीत पोरकिडे. शिवाय तेवढे पैसे अडकल्यामुळे चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, मालाला हात आखडता घ्यावा लागतो. चवथीच्या बाजारात माटोळीचं (गणपतीच्या वर टांगायच्या फळाफुलांचं) सामान, उदबत्ती, कापूर, गूळ, नारळ हे दोन-तीन दिवसांत फिरून पैसा परत आणतात. वॉल्टनची सगळी मदार माल फिरण्यावर होती. स्कीम दिसली की आधी वहीत बघा, मागच्या महिन्यात तो माल किती गेला. जुने दुकानदार हे तोंडावर सांगतात. तुम्ही नोकरीतून येताय, तेव्हा लिहून ठेवा.

दुकानाच्या सजावटीबद्दल एक गंमत. वॉलमार्टचं पहिलं दुकान २ जुलै १९६२ ला रॉजर्स गावात उघडलं. त्यानंतरचं, १९६४ सालचं, हॅरिसनला. उद्घाटनाला बाहेर कलिंगडांचा ढीग आणि पोरांसाठी गाढवाची सवारी. उन्हाने कलिंगडं फुटली, रस गाढवाच्या लिदीत मिसळला आणि लोकांच्या पायांनी तो सगळा राडा दुकानभर झाला. ते बघायला आलेल्या डेव्हिड ग्लास नावाच्या गृहस्थाला वाटलं, याचं काही खरं नाही. हाच ग्लास १९८८ मध्ये वॉलमार्टचा मुख्य अधिकारी झाला. सांगायचं एवढंच की फॉल्स सीलिंग आणि एसीसाठी कर्ज काढू नका. वडिलांच्या दुकानात काउंटरच्या आत असलेल्या वस्तूंपैकी काही गिऱ्हाइकाच्या हाताला लागतील अशा रॅकवर आणा, तेवढं पुरे. वॉल्टननेही तसंच केलं. गिऱ्हाइकाने स्वतः माल उचलायची पद्धत मिनेसोटातल्या दोन दुकानांत सुरू झाल्याचं वाचून तो रात्रभर बसने प्रवास करून ती बघायला गेला आणि परत येऊन आपल्या दुकानात लावली. तुमच्या रस्त्यावर नवीन सुपरमार्केट उघडलं असेल तर लांबून नाक मुरडू नका. आत जा. कुठली वस्तू कुठे ठेवलीय, कशासमोर बायका थांबतात ते बघा.

माझ्या मते त्याच्या आयुष्यातला सगळ्यात कामाचा भाग मात्र भाषणांत कोणी सांगत नाही. न्यूपोर्टचं दुकान त्याने पाच वर्षांत वर्षाला ७२,००० डॉलरच्या विक्रीवरून अडीच लाखांवर नेलं. आणि मग ते गेलं. जागा भाड्याची, करार पाच वर्षांचा, भाडं विक्रीच्या पाच टक्के, आणि मुदत वाढवायचा हक्कच करारात लिहिलेला नव्हता. घरमालकाला ते चालतं दुकान स्वतःच्या मुलासाठी हवं होतं. मालाची आणि धंद्याची किंमत त्याने दिली, पण वॉल्टनला बायकामुलांसह गाव सोडावं लागलं. १९५० साली बेंटनव्हिलला नवं दुकान टाकताना त्याने ९९ वर्षांचा करार करून घेतला. आपल्याकडच्या डीमार्टचंही बघा. २००२ मध्ये पवईत पहिलं दुकान निघालं तेव्हापासून त्याचे संस्थापक राधाकिशन दमाणींचा कल भाड्यापेक्षा स्वतःच्या जागेकडे राहिलाय.

म्हणून माझा तुम्हाला उलट प्रश्न: साखळीची जागा कोणाची? नगरपालिकेचा गाळा, भाटकाराची म्हणजे जमीनदाराची जागा, की स्वतःची? भाड्याची असेल तर करार कोणाच्या नावावर आहे, पावत्या आहेत का, की दर ११ महिन्यांनी नवा कागद होतो? वीजबिल, ट्रेड लायसन्स, अन्न परवाना कोणाच्या नावावर? गोव्यात भाडेकरूंसाठी १९६८ चा कायदा आहे, पण तुमच्या कागदाला तो कसा लागू होतो हे वकीलच सांगेल. राजीनाम्याआधी त्याच्याकडे जा आणि वडिलांनाही सोबत न्या, कारण बऱ्याच गोष्टी तोंडी ठरलेल्या असतात आणि त्या फक्त त्यांनाच माहीत असतात.

एका बाबतीत वॉल्टन आपल्याला काहीच मदत करत नाही, ती म्हणजे उधारी. २०१२ मध्ये गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी बंद झाल्या आणि २०१८ मध्ये पुन्हा बंद पडल्या, तेव्हा डिचोली-सत्तरीतल्या दुकानांच्या वह्यांत खनिज वाहणाऱ्या ट्रकवाल्यांची खाती तशीच राहिली. माणसं चांगली होती, पैसाच आटला. वडिलांची वही उघडून बघा, एकाच कामधंद्यावर जगणाऱ्या किती घरांची उधारी आहे. ती निम्म्याच्या वर असेल तर नवा माल भरण्याआधी ती हळूहळू खाली आणा, तीही वडिलांच्या तोंडून. तुम्ही नव्याने बसून मागायला लागलात तर गिऱ्हाईक दुखावेल.

आणि नोकरी लगेच सोडू नका. चवथीच्या आधीच्या दिवसांत रजा टाका आणि गल्ल्यावर वडिलांच्या शेजारी बसा.