मुखपृष्ठावर जागा हवी

प्रश्न : ताई, माध्यम अभ्यासाच्या प्रकल्पासाठी आम्ही १६ पानी अंक करतोय. मुखपृष्ठासाठी मंडईतल्या भाजीवाल्या मावशींचा छान फोटो काढला, पण अंकाचं नाव टाकलं की ते नेमकं त्यांच्या कपाळावर येतं. काय करू?
– एक विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : मंडईत परत जा. कॅमेरा उभा धर, दोन पावलं मागे सरक आणि मावशींच्या डोक्यावर चौकटीचा पाव भाग मोकळा सोड. निळ्या ताडपत्रीखाली चेहरा निळा पडतो, म्हणून सकाळच्या उन्हात त्या कडेला येऊन मेथीच्या जुड्या मांडतील तो क्षण पकड. फोटो छापायची परवानगीही तेव्हाच विचार.

फोटो व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणूनच पाठव, नाहीतर तो छपाईत फुटतो. माझ्या पहिल्या अंकात हेच झालं, ते पान आजही बघवत नाही. ए-४ पानाला ३०० डीपीआयने (म्हणजे इंचाला ३०० ठिपके) २४८० × ३५०८ पिक्सेल लागतात. शिवाय कटिंगसाठी चारही बाजूंनी ३ मिमी जादा ठेव.

ओळींमध्ये अंतर मात्र सढळ हाताने दे. देवनागरीत वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला भिडतो आणि वाचणारा अडखळतो. १६ पानं ठरवलीत ते उत्तम. मधोमध पिन मारायची तर पानं चारच्या पटीतच लागतात.