डिस्कवाला पीएस ५ की डिजिटल? सांगलीच्या एका वाचकाला उत्तर

सांगलीहून एका वाचकाचं पत्र आलं आहे. वय ३१, खाजगी कंपनीत नोकरी, हातात महिना ५८,००० रुपये येतात, घरखर्च ३८,००० च्या आसपास. पत्नी आणि दोन वर्षांची मुलगी आहे. टर्म इन्शुरन्स आणि आरोग्य विमा दोन्ही आहे, अडीअडचणीसाठी १,६०,००० रुपये एफडीत आहेत. घरात पीएस ४ आहे, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचा सोनीचा प्लेस्टेशन कन्सोल. आजवर त्याच्या १७ डिस्क घेतल्या, त्यातल्या ३ विकल्या, साधारण निम्म्या किमतीला. उरलेल्या १४ पैकी ५ गेम अजून पूर्ण झालेले नाहीत. आता पीएस ५ घ्यायचा आहे. हाताशी ३०,००० साठले आहेत, बाकीचे नो-कॉस्ट ईएमआयवर घ्यायचा विचार आहे. डिस्क घालायची सोय नसलेलं, गेम इंटरनेटवरून उतरवून घ्यायचं डिजिटल मॉडेल घेतलं तर दहा हजार वाचतात, आणि पत्नीच्या मते घरात आणखी डब्यांचा पसारा नको. पुण्यात धाकट्या भावाकडे डिस्कवाला पीएस ५ आहे, बहीण शारजात असते आणि येताना डिस्क आणू शकते. शिवाय एका मित्राने सांगितलं आहे की ओळखीचा एक जण नवे गेम अकाउंटवर १,२०० रुपयांत देतो. ‘काय करू?’ असा प्रश्न आहे.

नमस्कार. आधी सांगतो की ही खरेदी तुम्हाला परवडते. विमा आहे, चार महिन्यांचा खर्च बाजूला आहे, आणि गेम खेळणं हा तुमचा जुना, खरा छंद आहे. त्यावर खर्च करताना मनात अपराधी भाव ठेवायचं कारण नाही. फक्त एफडीला हात लावू नका.

आता दहा हजारांकडे येऊ. पीएस ५ स्लिम, म्हणजे पीएस ५ ची सडपातळ आवृत्ती, आपल्याकडे एप्रिल २०२४ मध्ये आला तेव्हा डिस्कवाला ५४,९९० आणि डिजिटल ४४,९९० रुपयांना होता. किमती त्यानंतर हलत राहतात, म्हणून आजचा भाव दुकानात बघा. तुम्ही लिहिलेला दहा हजारांचा फरक मी तसाच धरतो. हा फरक दुकानात एकदाच दिसतो. गेमचे पैसे मात्र पुढची कितीतरी वर्षं जात राहतात. पीएस ४ भारतात जानेवारी २०१४ मध्ये आला आणि पीएस ५ फेब्रुवारी २०२१ मध्ये, म्हणजे मध्ये सात वर्षं गेली. तुमच्याकडे हा कन्सोल निदान पाच वर्षं तरी चालेल असं समजू.

तुम्ही वर्षाला चार गेम घेता, दोन आल्या आल्या आणि दोन नंतर सवडीने. सोनीचे स्वतःचे मोठे गेम पीएस ५ वर ४,९९९ रुपयांना आले आहेत. आल्या आल्या घेतलेला गेम दोन-तीन महिन्यांत संपवून डिस्क निम्म्या भावाला विकली, तर प्रत्येकी अडीच हजार परत येतात. वर्षाला दोन, पाच वर्षांत दहा डिस्क, म्हणजे २५,००० रुपये. डिस्कवाल्यासाठी जास्त मोजलेले दहा हजार वजा केले तरी १५,००० तुमच्या बाजूला राहतात. डिजिटल गेमची पुनर्विक्री होत नाही. तो तुमच्या अकाउंटला बांधलेला असतो आणि ४,९९९ गेले ते गेलेच.

पण हा हिशेब विकणाऱ्या माणसाचा आहे. तुम्ही १७ घेतल्या आणि ३ विकल्या. त्याच गतीने गेलात तर दहा डिस्कमागे जेमतेम दोन विकाल, हातात पाचेक हजार येतील, आणि डिस्कवाल्यासाठी मोजलेल्या जादा रकमेतले फार तर निम्मे वसूल होतील. अशा माणसाला डिजिटल स्वस्त पडतो. मी अनेक घरांचे हिशेब बघतो, आणि ‘नंतर विकू’ म्हणून ठेवलेल्या वस्तू कपाटातच राहिलेल्या बघतो. म्हणून विकून येणारे पैसे मी कुणाच्याही नियोजनात आधीपासून धरत नाही. तुमच्याही धरणार नाही, तुम्ही ते करून दाखवेपर्यंत.

करून दाखवायची सोय तुमच्याकडे आत्ताच आहे. पूर्ण झालेले ९ गेम घरात पडून आहेत. पीएस ५ घेण्याआधी ते विकायला काढा. फोटो काढा, ओएलएक्सवर टाका, गावातल्या गेमिंगच्या दुकानात विचारा, भावाला पुण्यात विचारायला सांगा. दीड-दोन महिन्यांची मुदत ठेवा. नऊपैकी सहा-सात गेले, तर विकायची तुमची तयारी आहे असं मी समजेन, तेव्हा डिस्कवाला घ्या. दोन जाऊन बाकीचे पडून राहिले, तर डिजिटल घ्या आणि मनात खंत ठेवू नका. जुन्या गेमना फार भाव येणार नाही, हे आधीच लक्षात घ्या. जे येईल ते कन्सोलच्या ३०,००० मध्ये टाका. पसारा कमी झालेला पत्नीलाही दिसेल, आणि त्यांचा मुद्दा रास्त आहे.

तुमच्या बाबतीत माझा कल तरीही डिस्कवाल्याकडे आहे, आणि त्याचं मुख्य कारण तुमचा भाऊ. दोघांकडे डिस्कवाला कन्सोल असेल तर वर्षाचे दोन नवे गेम तुम्ही घ्या, दोन त्याने घ्यावेत, आणि अदलाबदल करा. सांगली-पुणे येणं-जाणं तुमचं चालूच असतं. चार नवे गेम दोन गेमच्या पैशांत खेळून होतील, आणि त्यानंतर विकायचे ते विकता येतील. दुसरं कारण ते पाच अपूर्ण गेम. पीएस ४ च्या डिस्क डिस्कवाल्या पीएस ५ वर चालतात, डिजिटलवर त्यांचा काही उपयोग नाही. त्या पाचांसाठी जुना कन्सोल टीव्हीखाली ठेवावा लागेल किंवा तेच गेम पुन्हा विकत घ्यावे लागतील. तिसरं म्हणजे डिस्कवाल्यावर डिजिटल गेमही तसेच घेता येतात. डिजिटलवाल्याला मात्र दुकान एकच, सोनीचं, आणि भाव त्याच दुकानाचा.

डिजिटलच्या बाजूने बोलायचं तर तिथे सेल चांगले लागतात. जो माणूस आठ-दहा महिने थांबू शकतो त्याला तोच गेम निम्म्या किमतीत मिळू शकतो, म्हणजे डिस्क घेऊन विकण्याच्या खटाटोपाइतकाच फायदा, काही न करता. तुमचे ‘नंतर सवडीने’ घेतलेले दोन गेम या वर्गातले आहेत. ते डिजिटल सेलमध्ये घ्या किंवा वापरलेली डिस्क घ्या, फार फरक पडत नाही. पुढे विचार बदललाच, तर स्लिमच्या डिजिटल मॉडेलला डिस्क ड्राइव्ह वेगळा घेऊन जोडता येतो. पहिल्यांदा जोडताना इंटरनेट लागतं, आणि ड्राइव्हचे पैसे वेगळे मोजावे लागतात. तेव्हा आज डिजिटल घेतला तर दार कायमचं बंद होतं असं नाही.

दरवर्षी येणाऱ्या फुटबॉलच्या गेमबद्दल तुम्ही वेगळं लिहिलंय म्हणून सांगतो. त्याची नवी आवृत्ती सप्टेंबरच्या शेवटी येते, आणि ती आली की जुन्या डिस्कचा भाव कोसळतो. डिस्क घेणार असाल तर मे-जूनमध्येच विका. ते जमणार नसेल तर हा गेम डिस्कवर घेऊन काही मिळत नाही.

‘डिस्क म्हणजे कायमची आपली’ असं तुम्ही लिहिलंय, ते पूर्ण खरं नाही. यूबीसॉफ्टचा ‘द क्रू’ हा २०१४ चा गेम सतत सर्व्हरवर चालणारा होता. ३१ मार्च २०२४ ला कंपनीने सर्व्हर बंद केले आणि ज्यांच्याकडे डिस्क होती त्यांचाही गेम त्या दिवशी संपला. डिजिटलवाल्यांची स्थिती याहून कच्ची असते, कारण त्यांना मिळतो तो वापरण्याचा परवाना. हे ग्राहकाला स्पष्ट सांगितलंच पाहिजे असा कायदा कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला आहे. दुसरीकडे, निन्टेन्डोने ३डीएस आणि वी यू या आपल्या जुन्या कन्सोलचं ऑनलाइन दुकान २७ मार्च २०२३ ला बंद केलं, मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स ३६० चं २९ जुलै २०२४ ला, पण आधी घेतलेले गेम पुन्हा उतरवून घ्यायची सोय दोघांनीही तेव्हा ठेवली. म्हणजे डिजिटल गेम रातोरात नाहीसे होतात ही भीतीही फुगवलेली आहे. तुमच्यासारखा माणूस एक गेम एकदा, फार तर दोनदा खेळतो. त्याच्यासाठी हा मुद्दा भावनेचा जास्त आणि पैशांचा कमी आहे.

नियोजनाच्या बाजूने एक गोष्ट मात्र मला महत्त्वाची वाटते. तुमच्या एफडीला, म्युच्युअल फंडाला नॉमिनी नोंदवता येतो. प्लेस्टेशनचं अकाउंट नियमांनुसार दुसऱ्याच्या नावावर होत नाही, त्यामुळे मुलगी मोठी झाल्यावर त्यातले गेम तिच्या नावे करता येणार नाहीत. म्हणून गेमवर गेलेला पैसा, डिस्क असो वा डिजिटल, महिन्याच्या खर्चातच लिहा. ‘माझ्याकडे ५०-६० हजारांचे गेम आहेत’ असं संपत्तीत धरू नका.

१,२०० रुपयांत अकाउंट देणाऱ्याकडून काहीही घेऊ नका. यात अकाउंट त्याचंच असतं, ईमेल त्याच्याच हातात असतो, आणि एकच गेम ‘प्रायमरी’, ‘सेकंडरी’ म्हणून दोघा-तिघांना विकलेला असतो. त्याने पासवर्ड बदलला की तुमचा गेम बंद. कंपनीच्या नियमांत हे बसत नाही, त्यामुळे अकाउंट गोठलं तर दाद कुणाकडे मागणार? बिल नाही, तक्रार करायला जागा नाही. वापरलेल्या डिस्कला त्याहून जास्त पैसे पडतात, पण ती पुन्हा विकता येते.

बहिणीकडून डिस्क मागवायला हरकत नाही. शारजातली पीएस ५ ची डिस्क इथल्या कन्सोलवर चालते. अडचण येते ती नंतर घ्यायच्या जोडभागांची. गेमला पुढे नवा भाग किंवा पॅक विकत घ्यायचा झाला, तर तो डिस्कच्या विभागाशी जुळावा लागतो, आणि तुमच्या अकाउंटचा देश एकदा ठरला की बदलता येत नाही. ज्या गेमला असे पॅक घ्यायचे नाहीत, तेच बहिणीकडून मागवा.

राहता राहिला हप्ता. नो-कॉस्ट ईएमआयमध्ये प्रोसेसिंग फी लागते, व्याजाच्या भागावर जीएसटी लागतो, आणि बऱ्याचदा रोखीवर मिळणारी सूट हातची जाते. घरखर्च भागून तुमच्याकडे महिना २०,००० उरतात. त्यातून जाणारी म्युच्युअल फंडाची एसआयपी तशीच चालू ठेवून महिना सहा हजार बाजूला टाकले तर चार महिन्यांत ३०,००० चे ५४,००० होतात, आणि डिस्क विकून येतील ते वेगळे. दिवाळीच्या सुमारास कन्सोलवर काही हजारांची सूट लागते, तोपर्यंत थांबून रोख घ्या. घेतल्यावर क्रेडिट कार्ड प्लेस्टेशनच्या अकाउंटमध्ये साठवून ठेवू नका. महिन्याला हजार-बाराशे रुपये गेमसाठी वेगळ्या बचत खात्यात टाका, आणि नवा गेम त्या खात्यात पैसे असतील तेव्हाच घ्या. वॉलेटमध्ये आगाऊ मोठी रक्कम भरू नका, कारण तिथे गेलेले पैसे बँकेत परत येत नाहीत. नऊ डिस्कचं काय झालं ते मला जरूर कळवा.