विलायती गाडी: आधी चालू करा, रंगाचं नंतर बघू

या वेळच्या पत्रांत जुन्या ब्रिटिश मोटरसायकलीच जास्त आल्यात, म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात घेतो. सगळ्या पत्रांना उत्तर देता आलं नाही, ज्यातून चार जणांचं काम होईल अशी निवडलीत.

प्रश्न: काका, कराडजवळ आमच्या जुन्या घरात आजोबांची बीएसए एम २० कित्येक वर्षं पडून आहे, किक जागची हलत नाही. गावातला पेंटर म्हणतोय सगळी सुटी करून सँड ब्लास्टिंग मारू, पावडर कोटिंग करू, इंजिन बफिंग करून आरशासारखं करू. कुठून सुरुवात करावी?

पेंटरला आत्ता थांबवा. तो वाईट माणूस नाही, पण त्याचं काम शेवटचं आहे आणि तो पहिलं करायला निघालाय.

एम २० म्हणजे ४९६ सीसीचं साइड व्हॉल्व्ह सिंगल (एकच सिलिंडर, व्हॉल्व्ह त्याच्या बाजूला), इंजिनिअर व्हॅल पेज यांचं डिझाइन, १९३७ साली आलं. दुसऱ्या महायुद्धात बर्मिंगहॅमच्या स्मॉल हीथ कारखान्यातून सैन्यासाठी सव्वा लाखाच्या वर गाड्या बाहेर पडल्या. इंजिन नंबर डब्ल्यूएम २० असा सुरू होत असेल तर तुमची त्यातलीच. इंजिन आणि फ्रेमचे नंबर वेगवेगळे दिसले तर घाबरू नका, या गाड्यांचे कारखान्यातूनच जुळत नसत. सिलिंडरच्या खाली क्रँककेसवर जो नंबर ठोकलाय त्याच्यावरून बफिंगचं चाक फिरलं की नंबर पुसट होणार, आणि मग आरटीओत तुम्ही काय दाखवणार? सँड ब्लास्टिंगची वाळू तेलाच्या भोकांत जाऊन बसते, कितीही धुतली तरी थोडी राहते आणि बेअरिंग खाते. पावडर कोटिंगचा थर एवढा जाड असतो की आट्या भरतात, अर्थिंग तुटतं, कास्टिंगवरचे जुने आकडे नाहीसे होतात.

आता किक. जोर लावू नका, गाडी ओढून तर मुळीच सुरू करायला जाऊ नका. प्लग काढा, भोकातून डिझेल आणि इंजिन ऑइल निम्मं निम्मं करून अर्धी वाटी ओता आणि आठवडाभर विसरून जा, मग गाडी टॉप गियरला टाकून मागचं चाक हाताने हळूहळू पुढे मागे हलवा. सुटलं तर छान. नाही सुटलं तर हेड उघडा, साइड व्हॉल्व्ह इंजिनचं हे फार मोठं सुख आहे, हेड म्हणजे नुसतं झाकण असतं, बोल्ट काढले की पिस्टन आणि दोन्ही व्हॉल्व्ह डोळ्यासमोर. बऱ्याचदा पिस्टन नाही तर व्हॉल्व्ह गंजून अडकलेला असतो, कारण गाडी थांबली तेव्हा एक व्हॉल्व्ह उघडा राहिलेला असतो आणि पावसाळ्याची ओल तिथूनच आत शिरते.

सुटल्यावर लगेच किक मारायची नाही. ऑइलची टाकी काढून धुवा, तळाशी काळा चिखल असणारच. नवं ऑइल भरा, प्लग बाहेर ठेवूनच इंजिन हाताने फिरवा म्हणजे पंपात ऑइल येईल. हे ड्राय सम्प इंजिन आहे, ऑइल टाकीतून इंजिनात जातं आणि दुसरा पंप ते उचलून परत टाकीत टाकतो. त्यामुळे चालू झालं की पहिलं काम, ऑइल टाकीचं झाकण उघडून आत बघायचं. परतीच्या नळीतून ऑइल थुंकल्यासारखं यायला हवं, थोडं ऑइल थोडी हवा, पुन्हा ऑइल. सलग धार नसली तरी काळजी नको, परतीचा पंप मोठा असतो म्हणून तो मधे मधे हवा ओढतो. पण मिनिटभरात काहीच आलं नाही तर बंद करा आणि पंप उघडा.

रंगाचं सांगतो. टूलबॉक्सच्या खाली किंवा टाकीच्या पोटाला, जिथे कुणाची नजर जात नाही तिथे पाणी पेपर ओला करून अगदी हलकं घासा, वरच्या काळ्या रंगाच्या खाली खाकी हिरवा, तपकिरी किंवा ऑलिव्ह रंग निघेल. सैन्याने युद्धाच्या काळात रंग बदलत नेले, १९४२ पासून तपकिरी आणि १९४४ पासून ऑलिव्ह, म्हणजे तो थर तुम्हाला गाडीचं वय सांगतो. तो एकदा ब्लास्ट केला की गेला, मग कितीही पैसे घाला. माझं मत विचाराल तर हे वर्ष गाडी आहे त्या रंगात चालवा.

आणि आजोबांच्या नावाचं आरसी बुक शोधा, पेटीत, देव्हाऱ्यात, कुठेही असेल. २०२१ च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांवरच्या दुचाकीसुद्धा व्हिंटेज म्हणून नोंदवता येतात, नंबरात व्हीए अक्षरं येतात, नव्या नोंदणीला २० हजार रुपये आणि मुदत १० वर्षं. त्यात गाडी मूळ रूपात असावी असं स्पष्ट लिहिलंय, आणि या नोंदणीवर ती रोज ऑफिसला नेता येत नाही, हेही आधीच लक्षात घ्या.

प्रश्न: नाशिकहून लिहितोय. माझी नॉर्टन १६ एच सकाळी दुसऱ्या किकला चालू होते, पंधरा वीस किलोमीटर मस्त जाते आणि मग फटफट करत बंद. अर्धा तास थांबलो की पुन्हा चालू. कार्ब्युरेटर तीनदा साफ केला, प्लग बदलला.

कार्ब्युरेटरला आता सोडा हो, त्याचा दोष दिसत नाही. गरम झाल्यावर बंद, गार झाल्यावर चालू हे मॅग्नेटोचं, म्हणजे बॅटरीशिवाय ठिणगी बनवणाऱ्या यंत्राचं, लक्षण आहे. तरी एक खात्री करून घ्या, बंद पडली की त्याच क्षणी पेट्रोल टाकीचं झाकण सैल करून किक मारा, चालू झाली तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय, फुकटात काम झालं. नाही झाली तर गरम असतानाच प्लग काढून हेडला टेकवून ठिणगी बघा. घरी जाऊन गार झाल्यावर बघून काही उपयोग नाही, तेव्हा ठिणगी झकास येणार आणि तुम्ही पुन्हा कार्ब्युरेटर उघडणार.

ठिणगी पिवळट, मरगळलेली असेल तर ल्युकासच्या मॅगडायनोतल्या (मॅग्नेटो आणि डायनमो एकत्र) आर्मेचरमधला, म्हणजे आत फिरणाऱ्या तारेच्या गुंडाळीतला, कंडेन्सर गेलाय. तो आत पुरलेला असतो, बाहेरून बदलता येत नाही, आणि वाइंडिंगवरचं जुनं शेलॅक उष्णतेने मऊ होऊन बाहेर येतं, कधी कधी आर्मेचरला चिकटून मॅग्नेटो जाम होतो. इलाज एकच, आर्मेचर नव्याने वाइंड करून घ्या, आजच्या इनॅमल तारेचं आणि नव्या कंडेन्सरचं. साधा मोटार रिवाइंडिंगवाला नको, मॅग्नेटोचं काम केलेला माणूस शोधा, यात प्रायमरी जाड तारेचे थोडे वेढे आणि त्याच्यावर सेकंडरी केसासारख्या तारेचे हजारो वेढे असतात. जुन्या घोड्याच्या नालेच्या आकाराच्या मॅग्नेटवर आर्मेचर बाहेर काढताना त्याच्या जागी लोखंडाचा तुकडा ठेवायला सांगा, नाहीतर चुंबक मंदावतो. बसवताना स्लिप रिंगवरची कार्बनची काळी पूड पेट्रोलच्या फडक्याने पुसा आणि पॉइंटचं अंतर १२ थाऊ (इंचाचा हजारावा भाग म्हणजे एक थाऊ), म्हणजे ०.३ मिलिमीटर ठेवा.

दिवे लागत नाहीत म्हणून ठिणगी येत नसेल असं तुमच्या मेकॅनिकने सांगितल्याचं लिहिलंय, तसं नाही. वरचा डायनमो दिव्यांसाठी ६ व्होल्ट बनवतो आणि खालचा मॅग्नेटो स्वतःची ठिणगी स्वतः बनवतो, बॅटरी काढून ठेवली तरी ही गाडी चालते.

प्रश्न: १३ चा पाना सैल, १२ चा बसत नाही, नट गोल होत चाललेत. मेट्रिक नट बोल्ट टाकले तर चालेल का? (मॅचलेस जी ३ एल, कोल्हापूर)

नाही चालणार, आणि कोल्हापूरसारख्या गावात, जिथे गल्लीत लेथ आहे, तिथे तशी वेळ येऊच नये. या गाड्यांवर व्हिटवर्थ, बीएसएफ (बारीक आटी) आणि सायकल थ्रेड अशा तीन जातीच्या जुन्या ब्रिटिश इंची आट्या एकाच वेळी असतात. व्हिटवर्थच्या पान्यावर जो आकडा असतो तो बोल्टच्या जाडीचा, नटाच्या रुंदीचा नाही, सगळा घोटाळा तिथे होतो. पाव इंची व्हिटवर्थचा नट १३.३ मिलिमीटर रुंद असतो, म्हणून १३ चा पाना चढत नाही आणि १४ चा घसरतो. ३/१६ चा ११.३, ५/१६ चा १५.२, म्हणजे मेट्रिक पान्यात यातला एकही नेमका बसत नाही. तुमचा १३ सैल बसतो याचा अर्थ नट आधीच कुणीतरी खाल्लाय.

धोका सायकल थ्रेडचा. ५/१६ इंचाची, इंचाला २६ आट्यांची आणि आजची ८ मिलिमीटर बारीक आटी डोळ्याला एकसारखी दिसते, नट दोन तीन वेढे हाताने जातोही, मग घट्ट होतो आणि मेकॅनिक पाना लावून रेटतो. तिथे आटी मेली. नट हाताने शेवटपर्यंत गेला नाही तर तो त्या बोल्टचा नाही, बस. जुन्या बाजारात इंची पान्यांचा सेट अजून मिळतो, रिंग पाने घ्या, फिक्स पान्याने कोपरे जातात.

प्रश्न: मी मूळची पुण्याची, आता बर्मिंगहॅमला असते. १९६९ ची ट्रायम्फ बॉनव्हिल घेतली. महिनाभर उभी राहिली की खाली ऑइलचं तळं. इथले लोक म्हणतात ब्रिटिश गाडी आहे, गळणारच.

गळणारच असं काही नाही, ताई. तुमची गाडी जिथे बनली ते मेरिडन तुमच्या घरापासून जवळच, १९४० च्या बॉम्बहल्ल्यात कॉव्हेंट्रीचा कारखाना गेल्यावर ट्रायम्फ तिथे गेली. तिथले कारागीर नीट जोडत असत, आपणही नीट जोडायचं.

ऑइल टाकी उंचावर आणि इंजिन खाली. पंपातली छोटी गोळी जागेवर नीट बसत नसेल तर उभ्या गाडीत ऑइल हळूहळू खाली क्रँककेसमध्ये उतरतं आणि मग ब्रीदरमधून (इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून) जमिनीवर. पंप काढा, गोळीची जागा साफ करा, गोळी नवी टाका. काही लोक ऑइलच्या नळीला तोटी बसवतात, ते करू नका, एक दिवस तोटी उघडायची राहून जाते आणि इंजिन जाम. आठवड्यातून एकदा फिरवली तर निम्मी तक्रार आपोआप मिटते. वर पुशरॉड ट्यूबचे रबर सील बदला, झाकणांच्या कडा जाड काचेवर बारीक पेपर ठेवून घासून सपाट करा. सिलिकॉन मात्र थापू नका, आतल्या बाजूला निघालेले त्याचे तुकडे तेलाच्या वाटा बंद करतात.

आणि आधीच्या मालकाने क्रँकमधला स्लज ट्रॅप, म्हणजे घाण साठवणारी नळी, साफ केल्याचं बिल आहे का बघा. क्रँक फिरताना ऑइलमधली घाण त्या नळीत बाहेर फेकली जाते आणि भरली की बिग एंडला (कनेक्टिंग रॉडच्या खालच्या बेअरिंगला) ऑइल मिळत नाही. बिल नसेल तर मोठ्या प्रवासाआधी इंजिन उघडाच. पेट्रोल तिथे सुपरचं ई ५ (५ टक्क्यांपर्यंत इथेनॉल) घ्या, २०२१ पासून साधं तिथे ई १० आहे. आपल्याकडे ई २० वापरणाऱ्यांनी टाकीच्या तोटीतला कॉर्क आणि रबरी नळी बदलून घ्यावी, आणि गाडी आठ दिवस ठेवायची असेल तर तोटी बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवावं म्हणजे कार्ब्युरेटर कोरडा राहतो.

प्रश्न: काका, मी कॉलेजला आहे, पपांची एम २० मला चालवायचीय पण किक उलटी बसते, पोटरी काळीनिळी झाली. बुलेटसारखा अँमीटरचा काटा बघून मारते तरी.

अगं, त्या काट्याचं इथे काही चालत नाही. जुन्या बुलेटला बॅटरी कॉइल इग्निशन असतं म्हणून पॉइंट उघडले की काटा हलतो, मॅग्नेटोचा अँमीटरशी संबंधच नाही. तुझ्या डाव्या हाताजवळचा इग्निशनचा लिव्हर पूर्ण अॅडव्हान्सला असणार, म्हणून पिस्टन वर पोचायच्या आधीच ठिणगी पडते आणि किक उलटी येते. तो बराचसा रिटार्ड कर, म्हणजे ठिणगी उशिरा पडेल. मग पेट्रोल सोड, कार्ब्युरेटरचा टिकलर (वरची छोटी कळ) पेट्रोल थोडं दिसेपर्यंत दाब, किक हळू दाबत कॉम्प्रेशन लागेपर्यंत ने, व्हॉल्व्ह लिफ्टर (कॉम्प्रेशन सोडणारा लिव्हर) ओढून जरासंच पुढे सरकव, लिफ्टर सोड, किक पूर्ण वर येऊ दे. आता मार, पण अर्धवट नाही, पायाच्या टाचेने पार खालपर्यंत. हिचं कॉम्प्रेशन ४.९ ला १ एवढंच आहे, ताकद लागत नाही. चालू झाली की लिव्हर हळूहळू पुढे ने, आवाज मोकळा होताना तुलाच कळेल. आणि बूट घाल, चपलेवर किक मारायची नाही.